दुसरी वेलांटी

“पुढे म्हणायच्या आधी मागचं वाचा,” असं वेलांटीबाई एकदा एका बसकंडक्टरला म्हणाल्या होत्या. तो भरल्या बसवर ओरडत होता, पुढे सरका, पुढच्या दारानं उतरा. आणि त्याच्याच डोक्यामागे पाटी होती, ‘उतरताना मागील दार वापरावे.’ कंडक्टरनं मान वळवली, पाटी वाचली, आणि पुढचे दोन थांबे अवाक्षर न काढता तिकिटं फाडली. जुळारी तेव्हा बाईंच्या शेजारीच दांडा धरून उभा होता. तो इतका हसला की हातातला डबा सांडता सांडता वाचला. ते वाक्य आपल्यालाही लागू आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. शहाणपणाचं टपाल नेमकं आपल्या पत्त्यावर येतं आणि आपण ते शेजारच्याचं समजून बाजूला ठेवतो.

दोघं एकाच छापखान्यात कामाला. खाली यंत्रं, वर लांबट खोली, तिला तीन खिडक्या आणि चार टेबलं. जुळारी म्हणजे अक्षरं जुळवणारा. शिशाचे खिळे जाऊन संगणक आला तरी त्याचं नाव जुळारीच राहिलं. नदी आटली म्हणून पुलाचं नाव कोणी बदलत नाही. बाई म्हणजे मुद्रितं तपासणाऱ्या. चौतीस वर्षं त्या मधल्या खिडकीपाशी बसत आल्या होत्या. खालून कोणी जिन्यात उभं राहून ओरडायचं, “बाई, ‘जीवित’ला पहिली की दुसरी?” आणि बाई मान वर न करता सांगायच्या, “आधी दुसरी, मग पहिली.” त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. ते त्यांच्या तोंडावरही घ्यायचे लोक. त्यांना राग नव्हता. आपल्याला ज्या गोष्टीनं ओळखतात ती गोष्ट निदान खरी आहे, एवढंच त्या म्हणायच्या.

त्यांची वाचायची रीत उलटी होती. ओळीखाली पोलादी पट्टी धरायची आणि शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे यायचं. “अर्थ लागला की डोळा फितूर होतो,” त्या सांगायच्या. “मग तो लिहिलेलं वाचत नाही, त्याला हवं ते वाचतो.” पान असं उलटं चालून झालं, की खाली उजव्या कोपऱ्यात लाल शाईत एकच शब्द लिहायचा, ‘छापावे’, आणि त्याखाली सही. तो शब्द दिसल्याशिवाय खालचा यंत्रवाला कळ दाबत नसे. मालकांनी सांगितलं तरी नाही. चौतीस वर्षांत या इमारतीत बाईंची सत्ता एवढीच, एका शब्दाएवढी. पण ती पूर्ण होती.

लग्नसुद्धा त्यांचं दुरुस्तीतूनच झालेलं. नवरा पाट्या रंगवायचा. एका दवाखान्याच्या दारावर शिडीवर चढून तो ‘तपासणि’ असं लिहीत असताना खालून एका मुलीनं सांगितलं, “णी दुसरी हवी.” तो म्हणाला, “ताई, रंग संपला.” दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्या रस्त्यानं गेली. वेलांटी बदललेली होती आणि तो शिडीपाशी वाट बघत उभा होता. “तेव्हापासून ही दुसरी वेलांटी माझ्यामागे लागली ती लागलीच,” रंगारीदादा पाहुण्यांना सांगायचा, आणि बाई आतून ओरडायच्या, “मागे नाही, पुढे. दुसरी वेलांटी अक्षराच्या पुढे देतात.”

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मेट्रनबाईंचं पुस्तक आलं.

मेट्रनबाई एका मोठ्या रुग्णालयात नवीन परिचारिकांना शिकवायच्या. त्यांनी तीस वर्षांच्या अनुभवाची एक हस्तपुस्तिका लिहिली होती. आता पानं कागदावर तपासत नसत. जुळारी पान जुळवून छापखान्याच्या संकेतस्थळावर चढवायचा. बाई आपल्या मशीनवर ब्राउझर उघडून ते वाचायच्या, चौकटीत दुरुस्ती टाइप करायच्या आणि ‘जतन करा’ दाबायच्या. पहिल्या सोळा पानांचा फॉर्म पडद्यावर तपासून झाला, मग काढलेल्या कागदी प्रतीवर नव्या पद्धतीप्रमाणे पुन्हा न वाचता सही झाली, दोन हजार प्रती छापून झाल्या. चौथ्या दिवशी, सोमवारी, मेट्रनबाई स्वतः जिना चढून वर आल्या. हातात फॉर्म, त्यात ठिकठिकाणी बोटं घातलेली.

“सुई टोचण्यापूर्वी रुग्णाची शिर बोटाने चाचपून पाहावी,” त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून वाचलं. “शिर! पहिली वेलांटी! शिर म्हणजे डोकं हो. माझ्या मुली पहिल्या वर्षाच्या आहेत. सांगितलं तेवढंच करतात. डोकं चाचपून तिथंच सुई खुपसतील.”

जुळाऱ्याला हसू आलं होतं, पण बाईंचा चेहरा बघून त्यानं मान खाली घालून खोकून घेतलं.

“पुढे ऐका. टाक्याचे सुत हळूच ओढून काढावे. सुत म्हणजे मुलगा. कोणाचा मुलगा ओढून काढायचा? मी दोरा म्हटलं होतं, सूत! आणि हे, गळवाला चिर द्यावी. चिर म्हणजे कायमचं. कायमचं काय द्यायचं गळवाला?”

साहेब आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले. साहेब म्हणजे मालकांचे भाचे, दीड वर्षापासून व्यवस्थापक. मालकांच्या पुढे पुढे करायची खोड आणि प्रत्येक वाक्यानंतर “पुढे?” म्हणायची सवय, अशा दुहेरी कारणानं खालच्या लोकांनी त्यांचं नाव ‘पुढेपुढे’ ठेवलं होतं. त्यांनी फॉर्म घेतला, टेबलावरच्या मूळ प्रतीच्या कोपऱ्यातली लाल सही बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बरेच दिवस वाट बघितलेलं काहीतरी मिळाल्याचं समाधान आलं.

“बाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना तुमचं मागच्या वर्षी?”

“झालं.”

“पुढे?”

“पुढे काय. दिसतं.”

“दिसतं म्हणता, आणि दोन हजार प्रती रद्दीत गेल्या.” त्यांनी आवाज मऊ केला, तो जास्त टोचला. “नाही, मी दोष देत नाही. वय आहे. शुक्रवारपासून तुम्ही खाली बांधणीत बसा. घड्या मोजायच्या. तिथं वेलांट्या नसतात. तपासणीला आपण एखादं सॉफ्टवेअर घेऊ, आणि ‘छापावे’ मी लिहीत जाईन.”

दुपारी त्याचं पत्रही आलं, शिक्क्यासकट. शुक्रवारीच तो फॉर्म पुन्हा यंत्रावर चढणार होता.

बाईंनी पोलादी पट्टी खिडकीकडे धरली आणि तिच्यावरच्या बारीक रेघा मोजल्या. जुळाऱ्याला ते बघवेना. माणसाचा गुडघा गेला तर तो काठी घेतो. पण ज्याचा सगळा जीव नजरेत आहे त्याला स्वतःच्या नजरेची शंका आली, तर तो उभा कशाच्या आधारावर राहणार? संध्याकाळी निघताना त्या एवढंच म्हणाल्या, “जुळारीबुवा, ती रद्दीतली एक प्रत घरी आणून देता का?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो प्रत घेऊन गेला. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत रंगारीदादा गुडघ्याला पट्टा बांधून पलंगावर बसून पत्र्याच्या पट्ट्यांवर घरांचे नंबर रंगवत होता. भिंतीवर नवा, ओला रंग: वर हाताएवढं अक्षर, खाली खाली बारीक होत शेवटी मुंगीएवढं.

“हे काय, दादा?”

“डोळे तपासतोय हिचे. डॉक्टरनं ठीक सांगितलं तरी बाईसाहेबांना पटेना. स्वयंपाकघराच्या दारातून सगळं वाचलंन. वर सांगते कशी, शेवटच्या ओळीत अनुस्वार राहिला. अरे, तो मी मुद्दाम गाळला होता!”

“मुद्दाम नव्हता,” आतून आवाज आला.

बाई फॉर्म घेऊन बसल्या. पट्टी ठेवली, उलट्या चालत गेल्या. अर्ध्या तासानं त्यांनी कागदावर सात शब्द एकाखाली एक लिहिले आणि त्या यादीकडे कितीतरी वेळ नुसतं बघत राहिल्या.

“सगळ्या दुसरीच्या पहिल्या झाल्यात, उकारांचंही तेच,” त्या म्हणाल्या. “एकही उलटी नाही. आणि कुठं? जिथं दोन्ही शब्द कोशात आहेत तिथंच. शीर आणि शिर. सूत आणि सुत. चीर आणि चिर. ‘परीक्षा’ला धक्का नाही, ‘जीवन’ला धक्का नाही. माणूस चुकतो तेव्हा वेडावाकडा चुकतो, जुळारीबुवा. ही चूक शिस्तीची आहे. ही माणसाची नाही.”

“मग काय भुताची?” रंगारीदादा.

“भुताला एवढं व्याकरण येत नाही.”

“मला येत नाही म्हणून टोमणा का?”

पण बाई हसल्या नाहीत. “जतन करायच्या आधी मी पडद्यावर दुसरी वेलांटी बघितली होती,” त्या हळू म्हणाल्या. “बघितली होती ना मी?” हे त्या कोणाला विचारत होत्या कोणास ठाऊक. जुळाऱ्यानं पाण्याचा पेला उचलून रिकामाच तोंडाला लावला.

बुधवारी सकाळी बाईंनी जुळाऱ्याच्या मशीनवर ‘शीर’ टाइप केलं, जतन केलं, पान बंद करून पुन्हा उघडलं. शीर. मग स्वतःच्या मशीनवर तेच केलं. शिर. पुन्हा केलं. पुन्हा शिर. तिसऱ्यांदा त्या शब्द उघडून त्याच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू हरवलेला माणूस रस्त्यात भेटलाय.

“तुमचा ब्राउझर वेगळा दिसतो माझ्यापेक्षा.”

“मी जुनाच वापरतो,” जुळारी म्हणाला. “तुमच्या ब्राउझरवर ही वरची पट्टी कसली? आणि उघडल्या उघडल्या बुटांच्या जाहिराती?”

“ते असतंच. मला वाटलं साहेबांनी लावलंय.”

“मला वाटलं तुम्हाला आवडतं.”

ऑफिसात नको असलेली गोष्ट दिसली, की ती वरून आली असं धरून चालायची सवय असते. त्या सवयीच्या आडोशाला ती पट्टी सहा आठवडे सुखानं राहिली होती. बाईंनी मशीनमधल्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि तारखेनं लावली. तीन नावं एकाच दिवसाची, एकाच मिनिटाची: फाइली लहान करणारा एक फुकट प्रोग्राम, एक ‘शोधपट्टी’, आणि एक ‘लेखनसोबती’. लेखनसोबतीच्या माहितीत शेवटी, डोळ्यांत तेल घालून बघावं अशा अक्षरांत, लिहिलं होतं: ‘जतन करतेवेळी आपले लेखन आपोआप सुधारले जाईल.’

“सुधारले,” बाई म्हणाल्या. बस, एवढंच.

जुळाऱ्यानं तारीख बघितली आणि त्याला तो दिवस आठवला. त्या दिवशी मेट्रनबाईंच्या पुस्तकातल्या फोटोंच्या फाइली फार जड होत्या, त्याच्या मशीनवर उघडेनात. बाई जेवायला गेल्या होत्या. तो त्यांच्या खुर्चीवर बसला, फुकटचा प्रोग्राम उतरवला, आणि पलीकडच्या टेबलाला मेहुणीच्या स्वयंपाकाची गंमत सांगता सांगता पाच वेळा ‘पुढे’ दाबलं. पुढे, पुढे, पुढे, पुढे, पुढे. काय लिहिलं होतं ते त्यानं बघितलंही नव्हतं. सगळ्या छापखान्यानं ज्यांचं नाव वेलांटी ठेवलं त्यांच्याच खुर्चीत बसून.

“काढून टाकू लगेच,” तो घाईनं म्हणाला.

“हात लावू नका. उद्या मेट्रनबाई येतायत. त्यांच्यासमोर काय ते होऊ दे.” मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं, फार वेळ नाही. “तुम्हाला बरं नाही का?”

“बरं आहे.”

त्या दिवशी घरी त्याला घास गेला नाही. बायको म्हणाली, “तोंड असं का? पान उलटं छापलंत का?” तो म्हणाला, “तसंच काहीसं.”

गुरुवारी अकराला मेट्रनबाई आल्या. बाईंनी साहेबांना बोलावलं, खालून यंत्रवाल्यालाही. यंत्रवाला हात पुसत वर आला आणि दारात उभा राहिला, कारण शाईचे पाय घेऊन आत यायची त्याला बंदी होती.

“साहेब, माझ्या खुर्चीवर बसा,” बाई म्हणाल्या.

“मी?”

“तुमचे डोळे तर चांगले आहेत. ‘शीर’ टाइप करा. दुसरी वेलांटी.”

साहेबांनी एका बोटानं कळा शोधल्या. श. मग वेलांटी. मग र. “हं. पुढे?”

“मेट्रनबाई, वाचा.”

“शीर. बरोबर आहे.”

“जतन करा, साहेब. पान बंद करा. आता उघडा.”

साहेबांनी उघडलं. मेट्रनबाई पुढे वाकल्या.

“शिर,” मेट्रनबाई म्हणाल्या. “अहो, तुम्ही तर रुग्णाचं डोकंच काढून ठेवलंत.”

“माझं बोट चुकलं असेल.” साहेबांनी पुन्हा केलं. पुन्हा शिर. तिसऱ्यांदा त्यांनी प्रत्येक कळ दाबताना मोठ्यानं नाव घेतलं, शाळेतल्यासारखं. पुन्हा शिर.

दारातून यंत्रवाला म्हणाला, “साहेब, तुम्हीही बांधणीत येताय का? जागा आहे.”

साहेबांचे कान तापले. बाईंनी ती यादी उघडली आणि लेखनसोबतीची बारीक ओळ वाचून दाखवली, सरळ, एका दमात, आवाजात कसलाही विजय न आणता. त्यामुळे तो जास्तच ऐकू आला.

“हे बसवलं कोणी?” साहेबांना रागाला एक दार सापडलं. “माझ्या परवानगीशिवाय? कोणी?”

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना माहीत होतं. तारखेवरून, त्या दिवशीच्या फोटोंवरून, कालच्या त्याच्या तोंडावरून. ज्या बाई वेलांटी ओळखतात त्या माणूस ओळखणार नाहीत? आणि त्या सांगणार नव्हत्या. जुळाऱ्याला ते लख्ख कळलं आणि त्या कळण्याचाच भार त्याला सोसवेना.

“मी,” तो म्हणाला. “फाइली लहान करायला. न वाचता पाच वेळा ‘पुढे’ दाबलं.”

साहेबांनी तोंड उघडलं, पण मेट्रनबाई मध्ये आल्या. “जखम कोणी केली ते नंतर. आधी रक्त थांबवा.”

बाईंनी लेखनसोबती निवडलं आणि ‘काढून टाका’ दाबलं. पडद्यावर एक रडका चेहरा आला. ‘खरंच सोडून जाताय?’ खाली मोठं हिरवं बटण: ‘राहू द्या’. त्याच्या पायाशी, करड्यावर करडं: ‘तरीही काढा’. आणि त्याच्यावर एक चौकोन, त्यात आधीच खूण केलेली, शेजारी वाक्य: ‘लेखनसोबती ठेवू नये असे आपणास वाटत नसेल, तर ही खूण काढू नका.’

“मग खूण राहू दे,” साहेब म्हणाले. “काढू नका म्हणतायत.”

“थांबा.” बाईंनी पेन्सिल घेतली आणि ते वाक्य कागदावर उतरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा रंग आला. जुळाऱ्यानं पहिलवानाला लंगोट कसताना बघितलं होतं. हे तसंच दिसत होतं. “‘ठेवू नये’ आणि ‘वाटत नसेल’. हे दोन नकार एकमेकांना खाऊन मोकळे झाले. उरलं, ठेवावे असे वाटत असेल तर. तर काय? खूण काढू नका. म्हणजे खूण ठेवली तर हा राहतो. आपल्याला हा नको. म्हणून खूण काढायची.”

त्यांनी खूण काढली आणि करडं बटण दाबलं. तसंच शोधपट्टीचं केलं, तसंच फुकट्या प्रोग्रामचं. मग ब्राउझर उघडून त्याला जोडलेल्या जादा प्रोग्रामांच्या यादीतूनही सोबतीला हुसकलं. मशीन बंद करून चालू केलं.

पट्टी वर हजर. बूट हजर. यादीत लेखनसोबती पुन्हा हजर, आजच्या तारखेनं, आंघोळ करून आल्यासारखा.

साहेब हसले. “बघा! एवढं व्याकरण केलंत, पुढे काय? मशीनच गेलंय. फॉर्म उद्या मीच सोडतो.”

बाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या. त्यांनी पोलादी पट्टी उचलली, पडद्यावर यादीच्या तळाला लावली, आणि शेवटच्या नावापासून वर वाचायला लागल्या. एकेक नाव. अर्थ न लावता. सगळे उभे. नववं नाव, दहावं नाव. अकराव्यावर पट्टी थांबली.

“‘सोबती-सेवा’. तारीख एक दिवस नंतरची. म्हणून काल तिघांच्या रांगेत दिसला नाही.” त्यांनी त्याची माहिती उघडली. “‘गहाळ झालेले घटक पुन्हा बसवते.’ चोराला घराबाहेर घातलं आणि किल्ली ठेवली त्याच्या भावाकडे.”

आधी भावाला काढलं, मग चोराला. मशीन बंद, मशीन चालू. पट्टी नाही. बूट नाहीत. पडदा इतका रिकामा आणि स्वच्छ दिसत होता की मेट्रनबाई नकळत म्हणाल्या, “ड्रेसिंग बदलल्यासारखं वाटतंय.”

“या ब्राउझरमध्ये काय काय ढवळलंय कोणास ठाऊक. मी नवा घेणार,” बाई म्हणाल्या.

“कोणता?” साहेबांचा आवाज आता लहान झाला होता. “सगळ्यात वेगवान घ्या.”

“मला बस पकडायची नाही.”

शोधल्यावर पहिलाच दुवा समोर आला. त्याच्या शेजारी बारीक ‘जाहिरात’. तो त्यांनी ओलांडला. ज्यानं ब्राउझर बनवला त्याच्याच पानावरून घ्यायचा, असं सांगत त्यांनी तीन वेगवेगळे उतरवले आणि तिघांचीही ‘अटी मान्य’ची पानं वाचायला घेतली. सगळीच्या सगळी. यंत्रवाला दारातच उकिडवा बसला. मेट्रनबाईंनी रुग्णालयात फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. एका पानावर बाईंनी सवयीनं तीन चुका काढल्या. पाऊण तासानं त्यांनी मधल्यावर बोट ठेवलं.

“हा.”

“का हाच?” जुळाऱ्यानं विचारलं.

“बाकीचे दोघं ‘हो’ हाताएवढं लिहितात आणि ‘नको’ मुंगीएवढं. याचं ‘नको’ ‘हो’एवढंच मोठं आहे. माझी माहिती पाठवू का म्हणून विचारतो, नाही म्हटलं तर तोंड पाडत नाही, आणि आपल्याबरोबर पाहुणे आणत नाही. एवढं पुरे.”

तो बसवताना प्रत्येक पायरीवर त्या जुळाऱ्याला मोठ्यानं वाचायला लावत होत्या. दुसऱ्या पायरीवर तो घसरला, दोन शब्द गाळले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. तो वाचत गेला. त्याला लाज वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण तिच्याखाली काहीतरी हलकं हलकं होत होतं. ओरडून घेतलं असतं तर असं झालं नसतं.

मग सात शब्द. शीर. सूत. चीर. एकेक टाइप केला, जतन केला, बंद केला, उघडला. सातही जागच्या जागी. सातव्याला मेट्रनबाईंनी टाळी वाजवली आणि यंत्रवाल्यानं दाराच्या चौकटीवर शाईचा पंजा उमटवला. त्याला कोणी बोललं नाही.

दुरुस्त करून कागदावर काढलेली सोळा पानं टेबलावर आली. साहेब ती घेऊन उभे राहिले. खिशाला त्यांचं पेन होतं, खास या कामासाठी घेतलेलं, लाल. त्यांनी पानांकडे बघितलं. पानं त्यांच्याकडे बघत होती. त्यातल्या कुठल्या वेलांटीवर विश्वास ठेवायचा हे त्यांना कळत नव्हतं, आणि आपल्याला कळत नाही हे आता खोलीतल्या प्रत्येकाला कळतं, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी घसा खाकरला. सोळाच्या सोळा पानं बाईंसमोर सरकवली.

“बाई, तुम्हीच बघा. ते पत्र मी फाडतो. आणि बाकीच्या मशीनवरही तुम्ही सांगाल तोच ब्राउझर. तुम्ही वाचल्याशिवाय इथं काही बसवायचं नाही.”

बाईंनी पट्टी ठेवली. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दापासून निघाल्या. घाई नव्हती. एक पान, दुसरं पान. साहेब उभेच होते. बसायला त्यांना कोणी सांगितलं नाही आणि आपण होऊन बसायचं त्यांना सुचलं नाही. सोळावं पान उलटून पहिल्या शब्दाशी पोचल्यावर बाईंनी आपल्या लाल पेनचं टोपण काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘छापावे’. सही केली. शाई वाळेपर्यंत थांबल्या. मग पानं सरळ दाराकडे, यंत्रवाल्याच्या हातात दिली. तो दोन दोन पायऱ्या उतरत गेला आणि क्षणभरात खालून यंत्राचा पहिला ठोका आला, मग दुसरा, मग सगळी इमारत त्या लयीत चालायला लागली.

“वा, बाई!” मेट्रनबाई म्हणाल्या. “माझ्या मुलींतर्फे, आणि त्यांच्या रुग्णांच्या डोक्यांतर्फे.”

साहेबांनी हात जोडल्यासारखे केले. “बाई, काहीतरी बोला. असं गप्प नका राहू. माझं चुकलं म्हणा, पाहिजे तर.”

जुळाऱ्यालाही वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील. एखादं असं वाक्य, की पुढची दहा वर्षं छापखान्यात सांगितलं जाईल. तो श्वास धरून बसला.

बाईंनी पेनला टोपण लावलं. चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला. पोलादी पट्टी उद्यासाठी मधल्या खिडकीत ठेवली, पर्स खांद्याला अडकवली, दारापाशी चपला पायांत सरकवल्या, चौकटीवरचा ओला पंजा पदराला लागू नये म्हणून थोड्या बाजूनं वळल्या, आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, एक शब्दही न बोलता जिना उतरून निघून गेल्या.